उशिराचा हिशेब कोणी ठेवायचा?

बांधकामाच्या करारात कामाची किंमत आणि कामाची मुदत या दोन्ही गोष्टी ठरलेल्या असतात. पैकी किमतीचा हिशेब मोजमाप पुस्तिकेत वेळच्या वेळी लिहिला जातो, तपासला जातो, त्यावर सह्या होतात, पण मुदतीचा हिशेब मात्र बहुतेक इमारतींच्या बाबतीत काम संपत आल्यावरच मांडायला घेतला जातो. उशीर मालकामुळे झाला असेल तर कंत्राटदाराला मुदतवाढ आणि प्रसंगी पैसेही मिळायचे असतात, आणि तो कंत्राटदारामुळे झाला असेल तर मालकाला दंड, म्हणजे करारात आधीच ठरलेली भरपाई, कापून घ्यायची असते. कंत्राटदाराच्या बाजूने होणाऱ्या या मागणीला विलंबाचा दावा म्हणतात. तो कोणत्या कागदांवर आणि केव्हा मांडावा, आणि त्यावर पहिला निर्णय कोणी द्यावा, याविषयी या व्यवसायातच दोन परस्परविरोधी धारणा आहेत. पुढील संवादात एका बाजूला सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता आहेत आणि दुसऱ्या बाजूला एका कंत्राटदार कंपनीत करारांचे काम पाहणारी व्यवस्थापिका आहे. दोन्ही पात्रे कल्पित आहेत, त्यांच्या भूमिका मात्र कोणत्याही साइट ऑफिसात ऐकू येतील अशा आहेत.

अभियंता : मॅडम, कार्यारंभ आदेश निघून आठवडा होत नाही तोच कंत्राटदाराचे पहिले पत्र येते आणि त्यात ‘जागा पूर्णपणे ताब्यात न मिळाल्याने होणाऱ्या विलंबास आम्ही जबाबदार राहणार नाही’ असे लिहिलेले असते. यांना काम करायचे आहे की कोर्टात जायचे आहे, असा प्रश्न साइटवरच्या शाखा अभियंत्याला पडला तर त्यात त्याचे काय चुकले? पाऊस, नकाशे, निधी यांपैकी काही ना काही कारण प्रत्येक कामात असतेच, आणि काम पुरे होत असेल तर वरिष्ठ मुदतवाढीवर सही करतात. तोंडी बोलून, समजुतीने चाललेले काम पत्रांनी बिघडते, असाच खात्यातला अनुभव आहे.

व्यवस्थापिका : साहेब, मुदतवाढ मिळते हे मान्य आहे, ती कोणत्या शब्दांत मिळते ते मात्र पाहिले पाहिजे. मंजुरीच्या पत्रात ‘दंड आकारण्याचा शासनाचा हक्क अबाधित ठेवून’ असे एक वाक्य असते, आणि ते पत्र हातात पडण्याआधी कंत्राटदाराकडून ‘वाढीव कालावधीसाठी कोणतीही नुकसानभरपाई मागणार नाही’ असे हमीपत्र लिहून घेतलेले असते. मुदत मिळाली, पण दंडाची तलवार डोक्यावर राहिली आणि पैशाचा हक्क हातचा गेला, याला समजूत कसे म्हणायचे?

या दोन्ही वाक्यांचे मूळ भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ मध्ये आहे. करारात वेळ हा गाभा मानला असेल आणि एका पक्षाने वेळ पाळली नाही, तर दुसऱ्याला करार रद्द करता येतो. वेळ हा गाभा नसेल तर करार रद्द करता येत नाही, फक्त झालेले नुकसान मागता येते. आणि करार रद्द करण्याचा हक्क असूनही उशिरा झालेले काम स्वीकारले तर नुकसान मागता येत नाही, मात्र स्वीकारतानाच तशी सूचना दिली असेल तर हक्क टिकतो. हक्क अबाधित ठेवण्याचे वाक्य या शेवटच्या अटीसाठी लिहिले जाते, आणि हमीपत्र घेतले जाते ते कंत्राटदाराने अशी सूचना दिली नव्हती हे पुढे दाखवता यावे म्हणून. म्हणजे समजुतीचा कारभार वरवर तोंडी असला तरी त्याच्या शेवटी येणारी दोन वाक्ये कायद्याचा पूर्ण विचार करून लिहिलेली असतात, आणि ती दोन्ही एकाच पक्षाच्या सोयीची असतात. अशा हमीपत्राने सर्व काही संपते असेही नाही, कारण दबावाखाली घेतलेल्या ‘मागणी नाही’ प्रमाणपत्राची चौकशी होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने बोघारा पॉलिफॅब प्रकरणात २००८ साली स्पष्ट केले आहे. परंतु दबाव सिद्ध करण्याचे ओझे ज्याने सही केली त्याच्यावर पडते.

अभियंता : कायदा तर खात्याच्याच विरोधात गेलेला आहे, मॅडम. ‘वेळ हा कराराचा गाभा आहे’ असे निविदेच्या नमुन्यात ठळकपणे लिहूनही न्यायालयाने ते मानले नाही.

अभियंत्यांचा रोख ‘हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७९ च्या निर्णयाकडे होता. नाशिकच्या डाव्या कालव्यावर आळंदी नदी ओलांडण्यासाठी जलसेतू बांधायचा होता आणि त्यासाठी जुलै १९५५ पासून १२ महिन्यांची मुदत होती. मुदतीत काम झाले नाही, ऑगस्ट १९५६ मध्ये शासनाने करार रद्द केला आणि अनामत जप्त केली. सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली. ज्या करारात उशिरासाठी दिवसागणिक दंडही आहे आणि मुदतवाढीची तरतूदही आहे, त्या करारात उशीर होऊ शकतो हे दोन्ही पक्षांनी आधीच गृहीत धरलेले असते, म्हणून केवळ तसे शब्द लिहिल्याने वेळ हा गाभा ठरत नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. महाराष्ट्रातील बी-१ आणि बी-२ या निविदा नमुन्यांत, ज्यांतील पहिला टक्केवारी दराच्या आणि दुसरा बाबनिहाय दराच्या कामांसाठी वापरला जातो, खंड २ दंडाचा आणि खंड ६ मुदतवाढीचा असतो. खंड २ नुसार दंड अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि मुदतीचा पाव भाग संपेपर्यंत पाव, अर्धा संपेपर्यंत अर्धे अशी कामाची प्रगतीही अपेक्षित असते. खंड ६ नुसार अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत, किंवा मूळ मुदत त्याआधी संपत असेल तर ती संपण्यापूर्वी, कंत्राटदाराने कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करायचा असतो.

व्यवस्थापिका : मग ज्या पत्रामुळे शाखा अभियंता नाराज झाले, ते पत्र लिहायला तुमचाच खंड ६ सांगतो. ३० दिवसांत लिहिले नाही तर ‘वेळेत कळवले नाही’, आणि लिहिले तर ‘भांडखोर कंत्राटदार’. यातून कंत्राटदाराने करायचे तरी काय?

अभियंता : अडथळा आला की लिहावे, त्याला हरकत नाही. तक्रार आहे ती अडथळा येण्याआधीच छापील मजकुराची दहा पत्रे पाठवून ठेवण्याच्या सवयीबद्दल. त्यांतले नेमके कोणते खरे, हे सल्लागाराला सांगता येत नाही आणि लवादालाही सांगता येत नाही.

अभियंत्यांचा हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. सूचनेचा हेतू मालकाला वेळेत सावध करणे हा आहे, जेणेकरून नकाशा लवकर देणे, कामाचा क्रम बदलणे किंवा निदान नोंद करून ठेवणे त्याला शक्य व्हावे. जे पत्र कोणता भाग, कोणत्या दिवसापासून आणि कशासाठी थांबला हे सांगत नाही, त्याने यांतले काहीच साधत नाही. आंतरराष्ट्रीय सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या महासंघाच्या १९९९ च्या लाल पुस्तकात, म्हणजे मालकाने आराखडा दिलेल्या बांधकामांसाठीच्या आदर्श करारात, घटना कळल्यापासून २८ दिवसांत सूचना दिली नाही तर मुदतवाढ आणि पैसे या दोन्हींवरचा हक्क संपतो, असा कडक नियम आहे. भारतात मात्र या नियमाच्या बळाबद्दल प्रश्न उभा राहतो, कारण ठरावीक काळ लोटल्यामुळे एखाद्याचा हक्कच बुडेल अशी तरतूद १९९७ च्या दुरुस्तीनंतर करार अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे निरर्थक ठरते. तरीही सूचना न देणाऱ्या कंत्राटदाराने कलम २८ वर विसंबून बसणे शहाणपणाचे नाही. कारण हक्क टिकला तरी पुरावा टिकत नाही, आणि विलंबाच्या दाव्यात पुराव्यावाचून हक्काला फारशी किंमत उरत नाही.

पुराव्याचा सर्वात साधा कागद म्हणजे अडथळा नोंदवही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत ती साइटवर ठेवली जाते आणि तिच्यात अडथळ्याचे स्वरूप, तो सुरू झाल्याची तारीख, दूर झाल्याची तारीख, दुसऱ्या अडथळ्याशी झालेला मेळ वजा करून उरलेले निव्वळ दिवस आणि दोन्ही बाजूंच्या सह्या यांसाठी रकाने असतात. हा मेळ वजा करण्याचा रकाना दिसायला किरकोळ आहे, पण खरा वाद तिथेच असतो.

व्यवस्थापिका : एक उदाहरण घेऊ, साहेब. महाविद्यालयाची तीन मजली इमारत आहे; लिफ्टच्या डक्टचा सुधारित नकाशा १ जानेवारीला मिळायचा होता, तो ९ फेब्रुवारीला मिळाला. त्याशिवाय तिसऱ्या मजल्याचा स्लॅब बांधता येत नव्हता. म्हणजे ३९ दिवस खात्यामुळे गेले; ३९ दिवसांची मुदत द्या आणि ३९ दिवसांचा खर्च द्या.

अभियंता : त्याच उदाहरणात सेंट्रिंगचे सुतार २० जानेवारीला गावी गेले आणि १८ फेब्रुवारीला परत आले, हे तुमच्याच हजेरीपटावरून दिसते असे समजू. नकाशा वेळेवर आला असता तरी सुतार नसल्याने स्लॅब थांबलाच असता. मग २० जानेवारीनंतरच्या दिवसांचे पैसे खात्याने का द्यायचे?

एकाच वेळी दोन्ही पक्षांच्या कारणांनी काम थांबते, तेव्हा त्या अवस्थेला समवर्ती विलंब म्हणतात. वरील उदाहरणात १ ते १९ जानेवारी हे १९ दिवस केवळ नकाशाचे, २० जानेवारी ते ८ फेब्रुवारी हे २० दिवस दोघांचे आणि ९ ते १७ फेब्रुवारी हे ९ दिवस केवळ सुतारांचे, असे एकूण ४८ दिवस होतात. इंग्लंडच्या ‘सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ’ या संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या विलंबविषयक मार्गदर्शिकेचा कल असा आहे की, समवर्ती काळासाठी कंत्राटदाराला मुदत मिळावी, म्हणजे त्याला दंड लागू नये, पण त्याच काळातला जो खर्च त्याच्या स्वतःच्या कारणाने तसाही झालाच असता, तो त्याला मिळू नये. त्या हिशेबाने मुदत ३९ दिवसांची, पैसे १९ दिवसांचे आणि दंडाला पात्र दिवस ९. मुदतीपुरती व्यवस्थापिकेची मागणी आणि पैशापुरता अभियंत्यांचा नकार असे दोन्ही या उत्तरात मान्य होतात, आणि ते काढता आले ते दोन तारखा आणि एक हजेरीपट हाताशी होता म्हणून.

व्यवस्थापिका : मूळ बार चार्टमध्ये लिफ्टच्या भागाला १० दिवसांचा मोकळा अवधी होता, तो धरला की आकडे पुन्हा बदलतील. पण तो अवधी कंत्राटदाराने स्वतःच्या अडचणींसाठी राखून ठेवला होता. खात्याने तो परस्पर का वापरावा?

मोकळा अवधी म्हणजे एखादे काम जितके दिवस लांबले तरी संपूर्ण इमारतीची अंतिम तारीख ढळत नाही तितके दिवस. तो कोणाच्या मालकीचा, यावर करारात काही लिहिलेले नसेल तर उपरोक्त मार्गदर्शिका तो प्रकल्पाचा मानते, म्हणजे ज्याला आधी गरज पडते तो वापरतो. इथे नकाशाच्या उशिराने जानेवारीचे पहिले १० दिवस खाल्ले. परिणामी अंतिम तारीख ४८ नव्हे तर ३८ दिवस पुढे गेली, मुदतवाढ २९ दिवसांची झाली आणि पैशाचे दिवस केवळ ९ उरले. व्यवस्थापिकेची हरकत भावनिकदृष्ट्या समजण्यासारखी असली, तरी जो अवधी आपल्यासाठी राखून ठेवायचा होता तो कराराच्या मजकुरात लिहून घेण्याची संधी तिच्या कंपनीला निविदा भरतानाच होती.

पैशाचा प्रश्न यापुढे येतो, आणि तिथे कंत्राटदारांची बाजू बहुधा सर्वात ढिली असते. साइटवर बसून राहिलेले यंत्र, रखवालदार, वीज, बँक हमीचे शुल्क हे खर्च पावत्यांनी दाखवता येतात; पण मुख्य कार्यालयाचा खर्च आणि बुडालेला नफा यांसाठी सूत्रे वापरली जातात. त्यांपैकी बांधकाम करारांवरील एका इंग्रजी ग्रंथाच्या नावाने ओळखले जाणारे हडसन सूत्र निविदेतील कार्यालयीन खर्च आणि नफ्याची टक्केवारी घेऊन तिला कराराच्या दर दिवसाच्या किमतीने आणि विलंबाच्या दिवसांनी गुणते. एमडेन आणि आयकली ही त्याच वळणाची आणखी दोन सूत्रे आहेत.

अभियंता : म्हणजे कंत्राटदाराने स्वतःच निविदेत भरलेली टक्केवारी धरायची आणि तेवढे नुकसान झाले असे समजायचे. त्या दिवसांत त्याची माणसे दुसऱ्या साइटवर काम करून कमावत असतील तर?

व्यवस्थापिका : मॅकडर्मॉट प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सूत्रे अग्राह्य मानली नाहीत, साहेब.

अभियंता : अग्राह्य मानली नाहीत, पण पुराव्याची जागाही त्यांना दिलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाकडून गेलेल्या बॅटलिबॉय प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापुरावा सूत्र लावलेला निवाडा रद्द झाला तो योग्यच झाला, असे म्हटले आहे. दुसरे काम हातचे गेले हे आधी दाखवा, मग गुणाकार करा.

दंडाच्या बाबतीत खात्यालाही हाच न्याय लागू होतो, ही गोष्ट अभियंत्यांनी ओघात सांगितली नाही. कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात २०१५ साली ठरल्याप्रमाणे, करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते दाखवावे लागते. ते मोजणे अवघड किंवा अशक्य असेल तेव्हाच ठरलेली वाजवी रक्कम घेता येते. वसतिगृह सहा महिने उशिरा मिळाले याचे रुपयांतले नुकसान मांडणे कठीण आहे हे खरे, पण बिलातून सरसकट दंड कापून ठेवण्याची सवय त्या कठीणपणाचा विचार करून पडलेली नाही.

व्यवस्थापिका : तुमच्याकडे कागद कितीही चोख ठेवले तरी पहिला निर्णय कोण देतो? नकाशा ज्याने उशिरा दिला तोच कार्यकारी अभियंता. स्वतःची चूक स्वतःच नोंदवहीत कोण लिहील?

या प्रश्नापाशी संवाद त्याच्या खऱ्या विषयाला भिडला. करार प्रशासनात अभियंत्याच्या किंवा वास्तुविशारदाच्या अंगावर दोन भूमिका एकाच वेळी असतात: आदेश देताना, नकाशे पुरवताना तो मालकाचा प्रतिनिधी असतो, आणि बिल प्रमाणित करताना किंवा मुदतवाढ ठरवताना त्याने दोन्ही बाजू तोलून निर्णय द्यावा अशी अपेक्षा असते. फिडिकच्या २०१७ च्या आवृत्तीने असा निर्णय देताना त्याने तटस्थपणे वागावे असे स्पष्टच लिहिले. भारतातील न्यायालयांनी वेगळ्या वाटेने हाच धोका ओळखला आहे: करारभंग झाला की नाही याचा न्याय करारातील एक पक्ष स्वतः करू शकत नाही, हे रामेश्वरा राइस मिल्स प्रकरणात १९८७ मध्ये, आणि विलंबाला जबाबदार कोण हे ठरवणे खात्याच्या अधिकाऱ्याच्या अंतिम निर्णयावर सोडता येत नाही, त्याला फार तर भरपाईचा आकडा ठरवता येईल, हे जे. जी. इंजिनिअर्स प्रकरणात २०११ मध्ये सांगितले गेले. २०१५ च्या दुरुस्तीनंतर लवाद कायद्याने पक्षाच्या कर्मचाऱ्याला लवाद म्हणून बसण्यासही अपात्र ठरवले. परंतु हे सगळे उपाय काम संपल्यानंतरचे आहेत. काम चालू असताना पहिली सही मात्र अजूनही त्याच टेबलावर होते.

अभियंता : पक्षपाताचे तुम्ही म्हणता ते अर्धेच कारण आहे, मॅडम. समजा, खात्याची चूक मान्य करून नऊ दिवसांचे पैसे चालू बिलात दिले. दोन वर्षांनी महालेखापालांचे लेखापरीक्षण येईल आणि ‘कंत्राटदारास अदेय लाभ’ असा परिच्छेद त्या अभियंत्याच्या नावावर निघेल; पुढे विभागीय चौकशी, निवृत्तिवेतनाची अडवणूक. त्याउलट त्याने नकार दिला, कंत्राटदार लवादाकडे गेला आणि दहा वर्षांनी तीच रक्कम व्याजासह द्यावी लागली, तर त्याचा जाब कोणी कोणाला विचारत नाही, कारण ती रक्कम न्यायिक निवाड्याने दिलेली असते आणि तोवर संबंधित माणूस बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेला असतो.

हे कारण करारांवरच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते आणि सरकारी बांधकामांतील मौन त्यानेच सर्वात चांगले उलगडते. वेळेत दिलेला बरोबर निर्णय देणाऱ्याला धोकादायक आणि न दिलेला निर्णय सुरक्षित असेल, तर कोणताही नमुना आणि कोणतीही नोंदवही कोरीच राहणार. त्यातून वाचलेला पैसा मात्र खरोखर वाचत नाही: लवादाने वेगळे काही ठरवले नसेल तर निवाड्याच्या रकमेवर २०१५ पासून प्रचलित व्याजदराहून दोन टक्के अधिक व्याज चढते, त्याआधीच्या तरतुदीत तो दर १८ टक्के होता.

व्यवस्थापिका : मग निर्णय एकट्या अभियंत्याच्या डोक्यावर नको. फिडिकच्या धर्तीवर कामाच्या सुरुवातीपासून तीन जणांचे विवाद मंडळ नेमा. ते दर काही महिन्यांनी साइटवर येईल, तारखा ताज्या असतानाच निर्णय देईल, आणि लेखापरीक्षणापुढे ठेवायला अभियंत्याच्या हातात एक कागद राहील.

अभियंता : शेकडो कोटींच्या मेट्रोला ते परवडेल. तालुक्याच्या विश्रामगृहाला तीन सदस्यांचे मानधन कुठून द्यायचे? तिथे एकच गोष्ट करता येईल: प्रत्येक चालू बिलासोबत अडथळा नोंदवहीचे त्या महिन्याचे पान जोडल्याशिवाय लेखा शाखेने बिल पुढे सरकवू नये, आणि त्या पानावर खात्याने ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘अंशतः मान्य’ यांपैकी एक शेरा कारणासह लिहावा. पैसे द्यायचे की नाही ते मागाहून ठरो. दिवस मात्र त्याच महिन्यात ठरावेत.

व्यवस्थापिका : आणि शेरा लिहिलाच नाही तर?

अभियंता : तर कंत्राटदाराने मांडलेले दिवस मान्य समजावेत, असे करारातच लिहावे.

व्यवस्थापिका : तशी तरतूद असेल तर छापील मजकुराची पत्रे पाठवणे कंत्राटदारही थांबवतील, कारण नेमकी तारीख लिहिण्यात त्यांचाच फायदा राहील. पण विधी विभाग हे वाक्य निविदेत राहू देईल का, साहेब?

अभियंता : विधी विभागाआधी वित्त विभाग विचारेल, मॅडम. तिथे सांगायला ते नऊ दिवसांचे उदाहरण आणि दहा वर्षांचे व्याज यांचा एक तक्ता करून ठेवा.